शेंगाचटणीचा परवाना आणि मदतीला येणारी अक्का

सोलापुरात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी गल्लोगल्ली कोणी ना कोणी करून विकतंच. मीही होटगी रोडच्या आतल्या बाजूला, आमच्या रो-हाउसच्या स्वयंपाकघरात, गेली काही वर्षं हेच करते. आधी ओळखीपाळखीत दिलं, मग पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या मुलांच्या आया न्यायला लागल्या. २०२३ मध्ये नव्या पेठेतल्या एका दुकानदारांनी चटणी चाखली आणि म्हणाले, "ताई, माल एक नंबर आहे. पण पाकिटावर अन्नपरवान्याचा नंबर पाहिजे. त्याशिवाय मी ठेवू शकत नाही." तिथून सुरुवात झाली.

त्या नंबरासाठी आणि त्याच्या मागोमाग जे जे करावं लागलं ते इथे सलग लिहिते. आमच्या भागातल्या बायका विचारायला येतात आणि मी उभ्या उभ्या सांगते, त्यात काहीतरी राहून जातं. शिवाय या सगळ्या नियमांत एक अट अशी आहे की तिच्याबद्दल सोलापूरकरांनी तरी गप्प बसू नये. ती पुढे येईल.

पहिली गोष्ट, आपल्यासारख्यांना लागतो तो परवाना नव्हे, नोंदणी. मी अर्ज केला तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर नोंदणी पुरत होती. फी वर्षाला १०० रुपये, आणि एकदम पाच वर्षांची घेता येत होती. मी पाच वर्षांची घेतली, ५०० रुपयांत. हेच काम करून द्यायला एका एजंटानं अडीच हजार सांगितले होते. अर्ज फॉस्कॉस नावाच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि काय बनवणार त्याची माहिती, एवढंच मुख्यतः लागतं. माझ्या भाच्यानं शेजारी बसून अर्ज भरला, कारण अर्जातले शब्द इंग्रजी होते. पण माहिती सगळी माझीच होती, आणि ती कोणत्याही एजंटापेक्षा मलाच जास्त ठाऊक होती.

एका ठिकाणी मात्र नीट वाचावं लागतं. धंद्याचा प्रकार निवडताना घरगुती खाणावळ आणि डबेवाले असा एक पर्याय दिसतो. घरातूनच करतो म्हणून हात तिकडे जातो. पण तो गरम जेवण करून देणाऱ्यांसाठी आहे. चटणी, पापड, भाकरी पाकिटात बंद करून विकायची असेल तर ते उत्पादन धरलं जातं. डबे देणाऱ्या बाईचा आणि माझा रकाना वेगळा.

नियम आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती फार कमी जणींना माहीत असते. अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची, किंवा तपासणीची नोटीस काढायची. तपासणी निघाली तर तीस दिवसांत निर्णय. यातलं काहीच झालं नाही, तर अर्जदाराला धंदा सुरू करता येतो. हे अन्नधंद्याच्या परवाना-नोंदणीच्या २०११ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे. सरकारी कागद म्हणजे अंत नसलेली वाट, असं समजून कितीतरी जणी अर्जच करत नाहीत. त्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

माझ्याकडे तपासणी झाली. आलेले अधिकारी समंजस होते. डबे झाकलेले आहेत का, पोती जमिनीला टेकून ठेवली आहेत का, केस बांधता का, हाताला जखम असली तर काय करता, असे प्रश्न त्यांनी विचारले. पण त्यांचं सगळ्यात जास्त लक्ष पाण्यावर होतं, आणि सोलापुरात ते योग्यच आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं, पिंप, टाकी भरून ठेवायची आणि पुढचे दिवस त्यावर काढायचे. भाकरीचं पीठ याच पाण्यात मळायचं. त्यांनी सांगितलं, धंद्याच्या पाण्याची टाकी वेगळी ठेवा, तिला झाकण आणि खाली तोटी असू द्या, तांब्या बुडवून पाणी घेऊ नका, आणि पाण्याची चाचणी करून अहवाल जवळ ठेवा. मी तसं केलं. सासूबाईंना आधी ती टाकी म्हणजे जागेचा अपव्यय वाटला, पण आता घरातलं पिण्याचं पाणीही आम्ही तसंच ठेवतो. नियमानं माझं काम सुधारलं ते इथे. म्हणून मी सरसकट नियमांच्या विरोधात नाही.

नंबर आला. मग पाकीट. नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, हिरवी खूण, नोंदणीचा चौदा आकडी नंबर, आणि शेंगदाणे असल्याची वेगळी सूचना, कारण शेंगदाणा काहींना सोसत नाही. शेंगाचटणीवर 'यात शेंगदाणे आहेत' असं छापताना छापखानेवाल्यांनी दोनदा विचारलं, पण ते लागतंच. वजनाचा काटा घरगुती चालत नाही. वैधमापन खात्याचा, म्हणजे वजनंमापं तपासणाऱ्या खात्याचा, शिक्का असलेला लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो दरवर्षी नव्यानं मारून घ्यायचा. पाकीटबंद माल करणाऱ्यांची त्या खात्याकडे वेगळी नोंदही असते, तिची फी ५०० रुपये. ही गोष्ट अन्नाच्या नोंदणीत कुठेच सांगितलेली नाही. मला ती त्याच दुकानदारांकडून कळली.

पाकिटावर पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर द्यावा लागतो. कारखान्याला त्यात काही नाही. पण माझा कारखाना म्हणजे माझं घर. माझ्या मुली जिथे झोपतात तो पत्ता, आणि मी रात्री उशाशी ठेवते तो मोबाइल नंबर, हजारो पाकिटांवर छापून कुठे कुठे जातो. मी धंद्यासाठी दुसरं सिम घेतलं. पत्त्याला उपाय सापडला नाही. घरून काम करणाऱ्या बाईचा पत्ता सरकारच्या नोंदीत पूर्ण असावा आणि पाकिटावर नोंदणीचा नंबर व गावाचं नाव पुरावं, एवढी सवलत दिली तर ग्राहकाचं काहीच नुकसान नाही. तो चौदा आकडी नंबर टाकला की नोंदणी कुणाची हे तपासता येतं.

उद्यम नोंदणीबद्दल, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदीबद्दल, फार लिहायला नको. आधार लागतं, फुकट आहे, बसल्या जागी होते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. ही व्यवस्था १ जुलै २०२० पासून आहे.

बँकेला चालू खात्यासाठी शॉप अॅक्टचा कागद हवा होता. दुकानं आणि आस्थापनांच्या या २०१७ च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं असतील तर परवाना लागत नाही, नुसती सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ती मर्यादा वीसपर्यंत न्यायचा निर्णय घेतला. म्हणजे राज्य सरकार एकीकडे म्हणतं आहे की एकोणीस माणसांपर्यंत आम्ही नुसत्या सूचनेवर विश्वास ठेवतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्या सूचनेसोबत मराठी पाटीसह जागेचा फोटो मागितला गेला. आमच्या दारावर तोवर आडनावाची पाटी होती. मी दुसरी, धंद्याच्या नावाची, लहानशी लावली. त्या पाटीनं सगळं बदललं. आधी गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की ही चटणी करते, आणि कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पाटी लागल्यावर एक जण म्हणाले, आता तुमचं मीटर कमर्शियल होणार. दुसरे म्हणाले, घरपट्टी दुप्पट होईल. एका कार्यालयातही मला तोंडी हेच ऐकवलं गेलं. मी लेखी मागितलं. लेखी काही आलं नाही, आणि आजवर पट्टी बदललेली नाही. पण ती भीती काही महिने घरात वस्तीला होती. ह्यांनी तर पाटी काढून ठेवा असंही सुचवलं.

विजेचं मात्र मी मुळापर्यंत गेले. वीज नियामक आयोगाच्या ३१ मार्च २०२३ च्या दरआदेशात हे लिहिलेलं आहे, आणि ते प्रत्येक घरउद्योजिकेनं पाठ करावं असं मला मनापासून वाटतं. घराच्या एका भागात धंदा असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर दर घरगुतीच लागतो. हिशेब वर्ष संपल्यावर बघायचा. वापर त्याहून वाढला तर पुढे दर बदलतो, तोही आधी कळवून. मी वर्षभराची बिलं काढून बेरीज केली. उन्हाळ्यात कूलर धरूनही आम्ही आत होतो. तो उतारा छापून मी बिलांच्या फायलीत लावला आहे. ज्यांनी कमर्शियल मीटरची धास्ती घातली होती त्यांनाही दाखवला. त्यांच्या सूनबाई शिवणकाम करतात, त्यांनी लगेच एक प्रत मागून घेतली.

हा नियम मला आवडतो, कारण तो मोजता येतो. बिलावर आकडा आहे, मर्यादा लिहिलेली आहे, कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. घरउद्योगाचे सगळे नियम असे हवेत.

आता ती अट.

माझ्याकडे दुपारी दोन-तीन तास अक्का येत होत्या. नीलमनगरहून. तेलुगू घरातल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या. बोटं दुखायला लागली तशी विडी सोडली, पण त्याच बोटांनी कडक भाकरी इतकी पातळ आणि एकसारखी थापतात की माझी त्यांच्यापुढे उभी राहत नाही. कडक भाकरीला मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी आणि सरावाचा हात, दोन्ही लागतं. ज्वारी मिळते, तसा हात मिळत नाही.

पाटी पाहून एक गृहस्थ चौकशीला आले. कुठून ते लिहीत नाही, आणि वागायला ते सभ्यच होते. त्यांनी विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "मदतीला येतात." "पगार देता?" "देते." मग त्यांनी मोबाइलवर नियम काढून दाखवला. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे कुठल्या भागात काय बांधता-चालवता येतं ते ठरवणारी, २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली. रहिवासी भागात घरच्या घरी चालणारे पारंपरिक व्यवसाय चालतात, असं तीत म्हटलं आहे. शिवण, भरतकाम, बटणं करणं अशी उदाहरणं दिली आहेत. पण ते घरातल्या माणसांनीच करायचे. पगारी माणूस ठेवायचा नाही. आणि विजेची मोटार वापरली तर विजेचा एकूण भार पाऊण किलोवॅटच्या वर जायला नको.

पाऊण किलोवॅट म्हणजे ७५० वॅट. माझ्या घरचा मिक्सरच ७५० वॅटचा आहे. एक अश्वशक्तीची मोटार ७४६ वॅटची असते. म्हणजे चटणी कुटायला अगदी लहान यंत्र आणलं तरी सगळी मर्यादा त्यातच संपली, पाकीट बंद करायचं सीलर लावायलाही जागा उरत नाही. त्याच घरात आंघोळीचा गीझर दोन हजार वॅट ओढतो आणि त्याला कोणाची हरकत नसते.

भाराचं मी एक वेळ समजू शकते. पण माणसाचं? गल्लीतून माझ्याविरुद्ध जी एकच खरी तक्रार आली होती, ती मिरचीच्या ठसक्याची होती. शेजारच्या काकांना दमा आहे. मिरची भाजली की त्यांना खोकल्याची उबळ यायची. ती तक्रार शंभर टक्के रास्त होती. मी मिरची घरी भाजणं बंद केलं, बाहेरून तिखट करून आणते, आणि मागच्या बाजूला धूर ओढणारा पंखा बसवला. काकू आता स्वतः पाकिटं घेऊन लेकीला पाठवतात. पण बघा, दम्याच्या माणसाला त्रास देणारा ठसका त्या अटीत कुठेच बसत नव्हता. घरातल्याच माणसांनी मिरची भाजली असती तर नियम मोडत नव्हता. अक्का कोपऱ्यात बसून निमूटपणे भाकरी थापत होत्या, त्यांच्यामुळे नियम मोडत होता. शेजाऱ्याला त्रास कशानं होतो आणि नियम काय मोजतो, यांचा मेळच नाही.

अक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, जन्मभर घरात बसून विड्या वळले, कोणी काय विचारलं नाही. आता भाकरी थापलाले तर कागद विचारलालेत?" मला उत्तर देता आलं नाही.

कारण त्यांचं बरोबर आहे. हे शहरच घरात काम करून उभं राहिलं. पूर्व भागात घराच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार, अशी घरं पिढ्यान् पिढ्या होती. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं आपल्याला कौतुक आहे. ती चादर ज्या प्रकारच्या घरांतून आली त्यात घरचा आणि बाहेरचा हात एकाच मागावर असायचा. विडीचं तर विचारूच नका, उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका हे आपल्या लहानपणचं चित्र आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी बसून विडी वळणारीला कामगार म्हणून ओळखलं, आणि स्वतःच्या घरात स्वतःसाठी काम करणाऱ्याला त्या कायद्यातून सूटही दिली. घर हे कामाचं ठिकाण असू शकतं, हे कायद्याला साठ वर्षांपूर्वी समजत होतं.

आणि हे इतरत्र जमलेलंही आहे. दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात रहिवासी भागातल्या घरगुती उद्योगाला पाच कामगार आणि पाच किलोवॅटची मुभा दिली होती, अट एवढीच की प्रदूषण करणारा उद्योग नसावा. दिल्लीच्या दाट गल्ल्यांत पाच माणसं चालतात, तर होटगी रोडला एक अक्का का चालू नयेत? एकोणीस माणसांपर्यंत नुसत्या सूचनेवर भागवणारं आपलंच राज्य घराच्या बाबतीत शून्यावर का अडतं?

आम्ही मार्ग काढला, तो असा. अक्कांच्या नावानं वेगळी अन्ननोंदणी केली. तीच फी, तोच अर्ज. त्या घरी भाकऱ्या करतात, मी त्यांच्याकडून विकत घेते. कागदावर हे चोख आहे, आणि त्या आता पगारी बाई नसून धंद्याच्या मालकीण आहेत याचा मला आनंदच आहे. पण खरी परिस्थिती तेवढी सोपी नाही. त्यांची खोली एकच. पाणी साठवायला माझ्याएवढी जागा नाही. नातवंडं पायात येतात. माझ्याकडे त्या मोकळ्या हातानं आणि पंख्याखाली बसून काम करायच्या. घरी त्यांना मुलं शाळेत जातात तेवढाच वेळ मिळतो. भाकऱ्यांची संख्या कमी झाली, म्हणजे त्यांची मिळकतही कमी झाली. ज्या बाईला संरक्षण मिळावं असं आपल्याला वाटतं, तिचाच रोजगार या अटीनं कापला.

मोठी जागा भाड्यानं घे, असं मला बरेच जण सांगतात. एमआयडीसीत गाळा घे म्हणतात. गाळ्याचं भाडं, अनामत, तिथला औद्योगिक मीटर, आणि सासूबाईंचं पथ्यपाणी व मुलींची शाळा सोडून दिवसभर तिथे बसणं. ज्या दिवशी माझा माल तेवढा खपेल त्या दिवशी मी नक्की जाईन. पण घर आणि गाळा यांच्यामध्ये एक पायरी हवी. एक-दोन माणसं हाताशी घेऊन दोन-चार वर्षं काढता आली, तरच गाळ्यापर्यंत पोचायची ताकद येते. आज ती पायरीच काढून टाकलेली आहे.

म्हणून आम्ही काही जणींनी मिळून एक निवेदन दिलं आहे. शिवणवाल्या, पापड-शेवयावाल्या, घरी केक करणारी एक मुलगी, आणि मी. मागणी थोडक्यात अशी: घरच्या माणसांखेरीज दोन पगारी माणसांना परवानगी द्या. भाराची मर्यादा पाऊण किलोवॅटवरून दोन-तीन किलोवॅटपर्यंत न्या. त्या बदल्यात ज्यानं शेजाऱ्याला त्रास होतो त्या गोष्टींवर लेखी आणि मोजता येईल अशी बंधनं घाला. यंत्र सकाळी किती वाजता सुरू करायचं आणि संध्याकाळी कधी बंद करायचं, माल न्यायला मोठी गाडी दारात आणायची नाही, धूर आणि ठसका बाहेर सोडायचा नाही, सांडपाणी गटारीत तेलकट जाऊ द्यायचं नाही. यातली एकही अट आम्हाला जड नाही. घरपट्टीबाबत वीजदरासारखाच एक आकडा ठरवावा, घराच्या अमुक भागापर्यंत काम असेल तर पट्टी घरगुतीच राहील, असा, म्हणजे कोणी तोंडी भीती घालू शकणार नाही.

नियमावली राज्याची आहे, त्यामुळे निवेदन नगरविकास खात्यालाही पाठवलं. उत्तर यायचं आहे. शेजारच्या काकांनी त्यावर सही केली, आणि सहीखाली 'ठसका बंद झाला आहे' असंही लिहिलं.

कोणाला आपल्या भागातून असं निवेदन द्यायचं असेल तर मसुदा तयार आहे. त्यात आपल्या घरातल्या यंत्रांचे वॅट आणि वर्षभराच्या बिलांवरचे युनिट तेवढे बदलून घाला, आणि सोबत दरआदेशातला तो ३,६०० युनिटचा उतारा जरूर जोडा.